न कापता पोट वाचायचं: कणा नसलेल्या प्राण्यांचं पचन पाहायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

अपृष्ठवंशी प्राण्यांची पचनसंस्था आपण बहुतेक जण झुरळाच्या आकृतीवरून शिकतो. अन्नपुट, पेषणी, मॅल्पिघी नलिका. नावं पाठ झाली, गुण मिळाले, विषय संपला. पण त्या आकृतीतलं झुरळ मेलेलं असतं, आणि मेलेलं पोट काहीच करत नाही. हा लेख चालू असलेली पोटं पाहण्याबद्दल आहे, तीही न कापता. तोंडातून काय गेलं, मागून काय पडलं, मधे किती वेळ गेला आणि अंग कुठं फुगलं किंवा काळं दिसलं, एवढ्यावरून आतला बराचसा कारभार कळतो. विष्ठेकडं निरखून बघायची किळस वाटत असेल तर हा छंद आपला नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

या कामाला सांगली-साताऱ्याइतका सोयीचा मुलूख शोधून सापडायचा नाही. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण-खटावला जेमतेम ५०० च्या आसपास. वर जळवा, ओढे आणि खेकडे. खाली कृष्णाकाठचा ऊस, हळद, शेततळी आणि गांडूळखताचे बेड. जून ते ऑक्टोबर हा हंगाम. उन्हाळ्यात कोळी आणि वाळवी यांच्यावर भागवावं लागतं.

सामान आणि नियम

दहापट मोठं दाखवणारं भिंग, काचेच्या दोन-तीन बरण्या, पांढरी बशी, टॉर्च, चित्रकलेचा मऊ ब्रश, टिपकागद, हळद आणि वही. मायक्रोस्कोप असला तर उत्तम, पण त्यावाचून अडत नाही. मोबाइलला लावायची मॅक्रो क्लिप मिळते, ती मात्र घ्याच. हालचालीचा व्हिडिओ घरी येऊन सावकाश बघता येतो.

कास, कोयना अभयारण्य आणि चांदोलीच्या हद्दीतून काहीही उचलायचं नाही, तिथं फक्त बघायचं. गोगलगाय किंवा ओढ्याच्या पाण्यातला कुठलाही प्राणी हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे. गोगलगायींमधून माणसाच्या मेंदूपर्यंत जाणारे सूत्रकृमी येऊ शकतात, त्यामुळं यात कंटाळा नको.

प्रत्येक प्राण्यासमोर बसलं की चार गोष्टी विचारायच्या. पोटाला दारं किती? अन्न फुटतं कुठं: पेशीच्या आत, पोटाच्या पोकळीत की अंगाच्या बाहेर? दात नसतील तर दळतं कोण? आणि मदतीला जिवाणू-बुरशी आहेत का? वहीत हे चार रकाने आखून ठेवा.

पायरी १: एकाच दाराचे प्राणी

शेततळं, जुनी विहीर किंवा संथ ओढा बघा. पाणवनस्पतींच्या चार काड्या त्याच पाण्यासकट स्वच्छ बरणीत घ्या. नळाचं पाणी घालू नका, क्लोरिननं सगळं मरतं. बरणी खिडकीशी, पण थेट ऊन लागणार नाही अशी ठेवा आणि दिवसभर हलवू नका. नशीब असेल तर उजेडाकडच्या काचेवर हायड्रा चिकटलेला दिसेल: अर्ध्या सेंटिमीटरची नळी, टोकाला पाच-सहा लांब स्पर्शक.

आता त्याच तळ्यातल्या उड्या मारणाऱ्या बारीक पाणपिसवा ड्रॉपरनं त्याच्याजवळ सोडा. स्पर्शकाला पिसू लागली की दंशपेशी सुटतात आणि तिची फडफड थांबते. मग स्पर्शक वाकतात, तोंड ताणून मोठं होतं आणि स्वतःच्या अंगापेक्षा रुंद भक्ष्य आत जातं. अंगाची भिंत पातळ असल्यामुळं आतली पिसू काळी दिसत राहते. पोकळीत पाचकरस सुटतात, भक्ष्य विरघळून बारीक कण होतात आणि ते कण अस्तराच्या पेशी गिळतात. उरलेलं पचन पेशीच्या आत होतं. काही तासांनी रिकामं कवच त्याच तोंडातून बाहेर फेकलं जातं, कारण दुसरं दार नाहीच. आतलं पहिलं जेवण निकाली निघेपर्यंत पुढच्याची पंचाईत. दोन दारांची नळी निसर्गात पुढं इतकी का चालली, हे हायड्रासमोर तासभर बसल्यावर कोणी समजावून द्यावं लागत नाही.

हायड्राच्या भाऊबंदांत जेलीफिश येते, आणि या गोष्टीत सातारा जिल्ह्याचं नाव आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना इथल्या कृष्णा खोऱ्यातल्या नद्यांत गोड्या पाण्यातली जेलीफिश मिळाली आणि १९१२ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात त्याची नोंद आली. तोवर ती जात-कुळी आफ्रिकेतली म्हणून ठाऊक होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला ज्यांचं नाव आहे तेच हे. तिचंही पोट एका दाराचंच.

स्पंजाला तर पोटच नाही. गाळलेल्या पाण्यातले कण एकेक पेशी गिळते आणि पचन सगळं पेशीच्या आत. विहिरीच्या दगडावर किंवा बुडालेल्या फांदीवर हिरवट-करडा खरखरीत थर दिसला तर तो गोड्या पाण्यातला स्पंज असू शकतो. खरवडू नका.

चपट्या कृमींपैकी प्लॅनेरिया ओढ्यातल्या दगडांखाली असतो. कच्च्या काळजाचा छोटा तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात सोडा. तासाभरानं उचला आणि पांढऱ्या बशीत बघा. याचं तोंड डोक्याशी नसतं. पोटाच्या मध्यावरून पांढरी लवचिक नळी बाहेर येते आणि तुकड्यात घुसते. आतड्याला फांद्या फुटून ते अंगभर पसरलेलं असतं, कारण अन्न पोचवायला याच्याकडं रक्तच नाही. पावसाळी रात्री परसात हातोड्यासारख्या डोक्याचा लांबलचक चिकट प्राणी दिसतो, तो याचाच जमिनीवरचा नातलग. तो गांडुळावर चढून अशीच नळी खुपसतो. मेंढ्यांच्या यकृतातला फ्लूक याच गटातला आहे. त्यालाही आतडं आहे पण गुदद्वार नाही. आणि पट्टकृमीनं तर तोंड, आतडं सगळंच सोडून दिलंय. दुसऱ्याच्या आतड्यात पचलेलं अन्न तो कातडीतून शोषतो.

पायरी २: गांडूळ

नवशिक्यानं सगळ्यात जास्त वेळ इथं घालवावा. गांडूळखताच्या बेडमधून कोवळी, फिकट पिल्लं निवडा. पाण्यात हलकेच धुवा, ओल्या काचेवर ठेवा आणि खालून टॉर्च लावा. पाठीवरून जाणारी लाल रेघ म्हणजे रक्तवाहिनी. तिच्याखाली जाड काळपट पट्टा दिसतो, तो भरलेलं आतडं. भिंगातून बघितलं की या पट्ट्यातला माल तुकड्यातुकड्यांनी मागं सरकताना दिसतो.

आता गांडूळ ओल्या टिपकागदावर, झाकलेल्या डब्यात, रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर विष्ठेच्या बारीक रांगा आणि अंग जवळपास पारदर्शक. मग कुजलेल्या शेणात विटेची चाळलेली भुकटी मिसळून त्यात सोडा आणि दर तासाला टॉर्चवर धरून बघा. लाल पट्टा पुढून मागं किती वेळात पोचतो ते लिहा. हा प्रयोग एकदा केला की अन्नमार्ग म्हणजे काय, हे जन्मात विसरत नाही.

एक घोटाळा इथं ठरलेला आहे. आपल्या पाठ्यपुस्तकातलं गांडूळ म्हणजे फेरेटिमा. त्याची पेषणी, म्हणजे अन्न दळणारा भाग, आठव्या वलयात, गळपट्टा, म्हणजे अंगाभोवतीचा जाड पट्टा, चौदाव्या ते सोळाव्या वलयात. खताच्या बेडमध्ये असतं ते बहुधा आयसेनिया फेटिडा. त्याचा गळपट्टा चोविसाव्या-पंचविसाव्या वलयापासून सुरू होतो आणि पेषणी सतराव्या वलयाच्या आसपास. पुस्तकाप्रमाणे वलयं मोजत बसलात तर काहीच जुळणार नाही, आणि चूक तुमची नसेल.

गांडुळाला दात नाहीत. चावा घेणं त्याला जमत नाही. घसा पंपाचं काम करून मऊ झालेला पालापाचोळा ओढून घेतो, आणि सोबत आलेल्या वाळूच्या कणांच्या मदतीनं पेषणीचे जाड स्नायू तो माल रगडतात. पुढं आतड्याच्या छताला आतल्या बाजूनं एक घडी लोंबत असते. तिच्यामुळं तेवढ्याच लांबीत शोषणाची जागा वाढते. गांडूळ पाला खातं असं आपण म्हणतो, पण त्याच्या पोटात जाणाऱ्या पौष्टिकाचा मोठा भाग पाल्यावर वाढलेल्या जिवाणू-बुरशीचा असतो. म्हणूनच बेडवर ताजं शेण घालू नये. ते तापतं हे एक कारण, आणि सूक्ष्मजीवांनी मऊ केल्याशिवाय गांडुळाला ते खाताच येत नाही हे दुसरं. बेडमधली गांडुळं कडेला पळत असतील तर आधी मालाची कूज बघा.

पायरी ३: पानं खाणाऱ्या अळ्या, हळद आणि लेंड्या

सांगली-साताऱ्यात तुती लावून रेशीम करणारे शेतकरी आहेत. ओळखीनं एखाद्याच्या संगोपनगृहात जा, पण हात-पाय धुऊन आणि विचारून. रेशीम अळी जन्मभरात जेवढा पाला खाते त्यातला ८० टक्क्यांहून जास्त शेवटच्या, पाचव्या अवस्थेत खाते. त्या दिवसांत संगोपनगृहात पावसाच्या सरीसारखा आवाज येतो, तो हजारो जबड्यांचा.

लेंडी उचलून भिंगाखाली धरा. ती गोल नसते. तिच्यावर लांबीच्या दिशेनं सहा खाचा असतात, कारण शेवटच्या आतड्याच्या भिंतीला तशाच कडा असतात. म्हणजे आतड्याचा साचाच हातात येतो. त्या लेंडीत पानाचे हिरवे तुकडे अजून दिसतील. अळी पान पूर्ण पचवत बसत नाही. फोडलेल्या पेशींतला रस घ्यायचा आणि बाकीचं पुढं ढकलायचं, असा तिचा घाईचा व्यवहार असतो.

दोन प्रसंगी अळीचं खाणं थांबतं आणि दोन्हींचं कारण पोटाशी आहे. कात टाकताना ती डोकं वर करून निश्चल बसते. तेव्हा बाहेरच्या कातडीसोबत अन्नमार्गाच्या पुढच्या आणि मागच्या भागाचं अस्तरही बदलतं, कारण तेही कायटिनचंच असतं. शेतकरी या काळात पाला बंद करून बेडवर चुना धुरळतात. दुसरा प्रसंग कोश करण्याआधीचा. अळी पोट पुरतं रिकामं करते, शेवटची विष्ठा पातळ पडते आणि अंग पिवळसर पारदर्शक दिसायला लागतं. अळी पिकली, आता चंद्रिकेवर (कोश विणायच्या जाळीवर) घ्या, असं जे म्हणतात ते यावरून.

आता हळदीचा प्रयोग. सांगलीकरांना हळद कुठून आणायची हे सांगायला नको. हळद पाण्यात कालवून टिपकागद भिजवा आणि वाळवा. संगोपनगृहात नुकतीच मेलेली, फुटलेली अळी मिळाली तर चिमट्यानं तिच्या मधल्या आतड्यातला रस या कागदाला टेकवा. पिवळा कागद तांबूस होतो. हळदीत चुना घातल्यावर होतं तेच. आपल्या जठरातला रस तीव्र आम्ल असतो. फुलपाखरं-पतंगांच्या अळ्यांच्या मधल्या आतड्याचा सामू मात्र ९-१० च्या पुढं जातो, चांगलाच विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट. पानातली टॅनिनं प्रथिनांना चिकटून अन्न वाया घालवतात, ते विम्ल रसात कमी होतं.

हा सामू शेतकऱ्याच्या थेट उपयोगाचा आहे. बीटी म्हणून जी जैविक भुकटी फवारतात तिच्यातले प्रथिनाचे स्फटिक अशा विम्ल आतड्यातच विरघळतात, मग विष मोकळं होऊन आतड्याच्या भिंतीला भोकं पाडतं. घाटे अळीवर फवारतात त्या एचएएनपीव्ही विषाणूचं कवचही असंच तिच्या पोटात विरघळतं. म्हणजे ही औषधं अळीच्या अंगावर पडून उपयोग नाही, तिनं ती खाल्ली पाहिजेत. पानाची खालची बाजू कोरडी राहिली तर फवारणी वाया. उन्हात दोन्ही लवकर निकामी होतात, म्हणून संध्याकाळ बरी.

फवारल्यावर दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसतात आणि दुकानदाराला शिव्या बसतात. तसं करण्याआधी झाडाखाली पांढरा कागद पसरा. बीटी पोटात गेलेली अळी काही तासांतच खाणं सोडते, मरते मात्र दोन-चार दिवसांनी. कागदावर ताज्या लेंड्या पडायच्या थांबल्या असतील तर औषध लागू पडलंय. अळी मोजू नका, लेंड्या मोजा. तुतीच्या जवळपास मात्र बीटी फवारायचं नाही. रेशीम अळीचं आतडंही तसंच विम्ल आहे आणि तिला हा फरक कळत नाही.

पायरी ४: हुमणी आणि वाळवी

लाकूड-मुळांतला सेल्युलोज फोडणं बहुतेक प्राण्यांना एकट्यानं झेपत नाही. त्यासाठी पोटात किंवा पोटाबाहेर भाडेकरू ठेवावे लागतात.

ऊस पिवळा पडून हातानं सहज उपटून आला तर मुळाशी इंग्रजी ‘सी’च्या आकारात वळलेली मळकट पांढरी अळी सापडते, ती हुमणी. तिचा मागचा भाग फुगलेला आणि काळपट असतो. ते मागचं आतडं. तिथं जिवाणूंची दाट वस्ती असते, मुळांचा चोथा तिथं बराच काळ आंबत राहतो आणि त्यातून सुटणारी आम्लं अळी शोषून घेते.

शेणखताच्या ढिगात सापडणारी प्रत्येक अळी हुमणी नसते, आणि घाबरलेले शेतकरी सगळ्याच ठेचतात. ओळख मागच्या दारावरून करा. अळी बोटांत हलकेच धरून शेवटच्या वलयाची खालची बाजू भिंगातून बघा. गुदद्वाराची फट ‘व्ही’ किंवा ‘वाय’ आकाराची असेल तर मुळं खाणारी हुमणी. फट आडवी सरळ असेल तर ती बहुतेक कुजलेलं खाणारी, खताचीच अळी. अजून सोपी खूण: अळी सपाट जमिनीवर सोडा. पाठीवर उलटी होऊन सरपटत चालली तर ती फुलभुंग्याची अळी, खुशाल ढिगात परत टाका. हुमणीचा बंदोबस्त करायचा तर वळवाच्या पहिल्या पावसानंतर रात्री कडुलिंब-बाभळीवर पाला खायला जमणारे तिचे प्रौढ भुंगेरे गोळा करणं हाच स्वस्त उपाय. जमिनीत शिरलेल्या अळीपर्यंत काही पोचवणं कटकटीचं असतं.

वाळवीची गोष्ट वेगळी. काही वाळव्यांच्या आतड्यात एकपेशीय जीव राहतात आणि लाकूड तेच पचवतात. आपल्या वारुळांतली ओडोन्टोटर्मिस मात्र बुरशीची शेती करते. कामकरी वाळवी काटक्या-पाचट चावून गिळते, ते अर्धंकच्चं विष्ठेतून वारुळातल्या खोलीत थापते, त्यावर टर्मिटोमायसिस बुरशी वाढते आणि मग तो जुना झालेला थर वाळवी पुन्हा खाते. पहिल्या फेरीत न पचलेलं दुसऱ्या फेरीत पचतं. रस्त्यासाठी तोडलेल्या बांधात वारूळ उघडं पडलं असेल तर हे करड्या रंगाचे, भोकाभोकांचे गोळे बघायला मिळतात. भर पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या आळिंब्या या शेतातूनच वर येतात. ओळख पक्की असल्याशिवाय त्या खाऊ नयेत, हे जाता जाता.

पायरी ५: अंगाबाहेरचं पचन

कोळ्याला घन अन्न गिळताच येत नाही. तो भक्ष्यावर पाचकरस ओकतो, मांस विरघळतं आणि स्नायूंच्या जठरानं तो ते शोषतो. जाळ्यात जिवंत माशी टाका आणि नंतर उरलेलं बघा. दातेरी जबड्याचे, गोल जाळी विणणारे कोळी भक्ष्य चघळून त्याचा ओळखू न येणारा गोळा करतात. फुलावर दबा धरणारे खेकडा-कोळी भोक पाडून आतलं ओढतात आणि माशी अखंडच पडते, फक्त पोकळ. बांधावरच्या झेंडूखाली अशा हलक्या, धड दिसणाऱ्या मेलेल्या मधमाश्या सापडल्या तर औषधाला दोष देण्याआधी फुलात पाहा.

देवळाच्या ओवरीच्या कडेला किंवा गोठ्याच्या वळचणीखाली पाऊस न लागणाऱ्या भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे खड्डे असतात. तळाशी मुंग्या धरणारी अळी. मुंगीत ती जबड्यातूनच रस सोडते, शोषते आणि साल खड्ड्याबाहेर भिरकावते. पण तिची विष्ठा शोधू नका. तिचं मधलं आतडं मागच्या टोकाला बंद असतं. सगळा गाळ पोटात साठतो आणि पंख फुटून प्रौढ कीटक झाल्यावरच बाहेर पडतो. मधमाशीच्या अळीचंही आतडं वाढीच्या अखेरीपर्यंत असंच बंद असतं, म्हणून पोळ्यातली घरटी घाण होत नाहीत.

पायरी ६: गोगलगाय, शिंपला, खेकडा

काचेवर कणकेची पातळ पेज लावून वाळवा आणि त्यावर शंखी गोगलगाय सोडा. काचेच्या खालून भिंग धरा. तोंड उघडतं, आतून एक खरखरीत पट्टी पुढं येऊन काच चाटते आणि मागं जाते. त्या पट्टीवर बारीक दातांच्या ओळीच्या ओळी असतात. पेजेत वेड्यावाकड्या चाटलेल्या वाटा उमटतात. मग गाजर द्या, विष्ठा नारिंगी. पालक द्या, हिरवी. रंगीत कागद दिला तर ती कागदही खाते आणि तोच रंग बाहेर. विष्ठा मात्र शेपटीकडून येत नाही. शंखाच्या कडेशी, उजवीकडं, श्वासाच्या भोकाजवळून येते. शरीराला पडलेल्या पिळामुळं मागचं दार डोक्याशेजारी आलंय.

शिंपले कृष्णेच्या वाळूत, हरिपूरला वारणेच्या संगमाशी किंवा कुठल्याही संथ काठाला बघा. एकसारख्या गढूळ पाण्याच्या दोन बरण्या घ्या, एकीत थोडी वाळू घालून शिंपला ठेवा. काही तासांत तिचं पाणी निवळतं. शिंपला कल्ल्यांनी पाणी गाळून कण चिकट लाळेत गुंडाळतो आणि तोंडाकडं नेतो. नको असलेले कण तर पोटात न जाताच लाळेत बांधून टाकून देतो, म्हणून वाळूवर पडलेली प्रत्येक गोळी विष्ठाच असेल असं नाही. याच्या जठरात एक पारदर्शक काडी असते. बारीक केसांच्या हालचालीनं ती गोल फिरत राहते आणि तिचं टोक झिजून पिष्ट फोडणारं विकर सुटतं. फिरणारा भागच पाचकरसाचा बनलेला, अशी दुसरी सोय मला तरी ठाऊक नाही. ती बाहेरून दिसत नाही. शिंपला त्यासाठी फोडू नका.

खेकड्याला मारायची गरज नाही, रश्श्यासाठी तो साफ होतच असतो. पाठीची कवटी उचलल्यावर डोळ्यांच्या मागं एक पिशवी दिसते, ती स्वयंपाकात टाकून देतात. तीच मागून घ्या. धुवा, कात्रीनं उघडा. आत तीन कडक दात आहेत: एक मधला, दोन बाजूचे. चिमट्यांनी फाडलेलं अन्न इथं दळलं जातं. बाजूला पसरलेला पिवळट-तपकिरी गोळा ही पाचकग्रंथी. रस सोडणं, शोषणं आणि चरबी साठवणं ही तिन्ही कामं तीच करते. मोठ्या खेकड्याची चव तिच्यातच असते, असं माझं मत.

पायरी ७: रक्त आणि मकरंद

पावसाळ्यात कोयनेच्या बाजूला गेलात की जळू तुम्हालाच शोधत येते. तिच्या अन्नपुटाला, म्हणजे अन्न साठवायच्या भागाला, दोन्ही बाजूंना पिशव्या असतात. एकाच बैठकीत ती स्वतःच्या वजनाच्या कैकपट रक्त भरून घेते, त्यातलं पाणी लवकर बाहेर टाकते आणि उरलेलं आठवडे, कधी महिने पुरवते. लाळेतल्या द्रव्यामुळं रक्त गोठत नाही, म्हणूनच ती सुटल्यावरही जखम वाहत राहते. तिच्यावर मीठ, तंबाखू, चुना टाकायची आपल्याकडं पद्धत आहे. ती सोडा. चटका बसला की जळू पोटातलं ओकते, आणि त्यातले जिवाणू जखमेत जातात. नखानं आधी तोंडाकडचं बारीक टोक सरकवा, मग मागचं. जखम साबणानं धुऊन दाबून धरा.

मधमाशी बघायची तर महाबळेश्वर भागातल्या मधपाळांकडं जा. तिथलं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. सातेरी ही आपली देशी माशी फुलातला मकरंद भरते ते अन्नपुटात. त्याच्या आणि खऱ्या जठराच्या मधे एक झडप आहे. माशीला भूक लागली तरच ती उघडते आणि थोडा माल पचायला जातो. झडपेच्या हालचालीत मकरंदातले परागकणही वेगळे काढले जातात. बाकीचा मकरंद पोळ्यात परत ओतला जातो. माशीनं मिसळलेल्या विकरानं त्यातली साखर फुटते, पंखांच्या वाऱ्यानं पाणी उडतं. मध माशीच्या पोटातून येतो हे खरं, पण पचनाच्या पोटातून नाही.

काम झाल्यावर

नोंद लिहिताना तारीख, गाव, पाऊस झाला होता का, काय खाऊ घातलं, किती वाजता, विष्ठा कधी, कशी. फोटोत मोजपट्टी ठेवा. नाव माहीत नसेल तर “उसाच्या पाचटाखालची काळी वाणी” असं लिहिलं तरी चालतं, नाव पुढच्या वर्षी कळेल.

गांडुळं बेडमध्ये, शिंपला आणि हायड्रा आणल्या त्याच पाण्यात सोडायचे. एका तळ्यातलं पाणी दुसऱ्यात ओतू नका. शंखी गोगलगाय मात्र परत सोडायची नाही. ती बाहेरून आलेली आहे, सोयाबीन आणि भाजीपाल्याचं नुकसान करते, आणि एकेका खेपेला शेकडो अंडी घालू शकते. तिला मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात बुडवा, आणि डब्यातली माती उकळत्या पाण्यानं भिजवून मगच टाका, कारण अंडी मातीतच असतात.